अटलांटिक ओलांडताना छोट्या बोटीवरचे तीन आठवडे: वादळाचं राहू द्या, झोपेचं बघा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या एक बाई आणि त्यांचे यजमान येत्या नोव्हेंबरात एका मित्राच्या ३८ फुटी शिडाच्या बोटीवरून अटलांटिक ओलांडणार आहेत. कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून निघून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला पोचायचं. बोटीवर एकूण चार माणसं. बाईंना पोहता येतं, पण बोटीचा अनुभव म्हणजे गेटवे ते मांडवा लाँच. त्या विचारतात: दिवस जातो कसा? जेवण, अंघोळ, संडास यांचं काय? वादळ आलं तर? रात्री नांगर टाकून झोपतात का? आणि एवढ्याशा जागेत चार माणसं तीन आठवडे भांडल्याशिवाय राहतात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही राहत. माझ्या पहिल्या खेपेला अकराव्या दिवशी मी आणि स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, एका चमच्यावरून भांडलो. मी तो सिंकमध्ये ठेवला होता की ओट्यावर, एवढाच मुद्दा. मी बेचाळीस वर्षांची, तो एकसष्ट वर्षांचा, आणि दोघांपैकी कुणीही आठवडाभर सलग चार तास झोपलेलं नव्हतं. तुमच्या बऱ्याचशा प्रश्नांचं उत्तर त्या चमच्यापाशीच येऊन थांबतं. म्हणून मी झोपेबद्दल जास्त लिहिणार आहे आणि वादळाबद्दल कमी.

मी मूळची मालवणची, आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते. हा मार्ग तीनदा केलाय, ३६ ते ४० फुटी बोटींवरून. दोनदा आम्ही चौघं होतो, एकदा दोघंच.

आधी हिशेब. अंतर सुमारे २७०० सागरी मैल, म्हणजे ५००० किलोमीटर. तुमची बोट सरासरी साडेपाच-सहा नॉट काढेल. म्हणजे ताशी दहा-अकरा किलोमीटर, रमतगमत सायकल चालवणारा माणूस जातो तेवढा. फरक इतकाच की बोट रात्रीही चालूच असते. चोवीस तासांत १३० ते १४५ मैल पडतात, म्हणून १९ ते २१ दिवस. वारा पडला तर पंचवीस धरा आणि शिधा तीसचा भरा. नांगराचं म्हणाल तर बोटीवर साखळी असते साठ-सत्तर मीटर आणि खाली पाणी चार-पाच हजार मीटर. थांबायची सोयच नाही. चौघांपैकी एक जण कायम जागा, दिवस असो वा रात्र.

वादळाचं एका परिच्छेदात उरकते. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. म्हणूनच सगळे नोव्हेंबर सरता सरता निघतात. तोवर ईशान्येचे व्यापारी वारेही बसू लागलेले असतात. खलाशांचा जुना नियम आहे, लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळा. आजही बहुतेक बोटी ढोबळमानाने तेच करतात. कोलंबस १४९२ साली ला गोमेरा बेटावरून ६ सप्टेंबरला निघाला आणि १२ ऑक्टोबरला जमिनीला लागला, म्हणजे ऐन हंगामात. त्याला तो हंगाम माहीत नव्हता, आपल्याला आहे. तुम्हाला भेटतील ते स्क्वॉल, म्हणजे एकेका ढगाखालचे झटके. निम्मी वाट सरली की त्यांचं प्रमाण वाढतं. रात्री एका बाजूच्या चांदण्या पुसल्यासारख्या गेल्या की समजायचं. अठरा नॉटचा वारा पाहता पाहता तीस-पस्तिसावर जातो, दिशा बदलतो, धो धो पाऊस, आणि अर्ध्या तासात पुन्हा चांदणं. त्यावर उपाय म्हणजे सूर्य मावळायच्या आधी शीड गुंडाळून लहान करून ठेवायचं, आकाश कितीही निरभ्र असलं तरी. रात्रभरात दहा-बारा मैल कमी पडतील. पण तीन वाजता झोपेतल्या दोघांना उठवून अंधारात शीड उतरवण्यापेक्षा ते परवडतं.

पाठीमागून वारा म्हणजे मजाच, असं तुम्हाला कोणी सांगेल. अर्धं खरं आहे. वारा पाठीमागून असला की बोट एका बाजूला कलून स्थिर राहत नाही, ती लोळते. दर पाच सेकंदांनी डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे. दिवसाकाठी सतरा हजार वेळा. घरात एखादी गोष्ट सतरा हजार वेळा हलली तर काय होईल? डब्यातली मोहरी वाजते, कपाटाचं दार कुरकुरतं, कप कपावर आपटतो. दुसऱ्या खेपेला माझ्या उशाशी तीन रात्री एक ‘टक’ असा आवाज येत होता. दर लोळणीला एक. चौथ्या रात्री टॉर्च घेऊन अर्धा तास शोधला. फळीमागे पडलेला एकच अक्रोड होता. तो मी रागाने फोडून खाल्ला.

अशा बोटीत झोपायचं तर पुढच्या टोकाची सुंदर केबिन विसरा, तिथे माणूस अक्षरशः उडतो. मधल्या बैठकीचा बाक घ्या, जिथे हालचाल सर्वांत कमी. बाकाच्या कडेला कापडाची आडभिंत बांधलेली असते, म्हणजे माणूस खाली पडत नाही. पाठीशी आणि गुडघ्यांशी उशा कोंबून स्वतःला पाचर मारल्यासारखं घट्ट बसवा. अंग सैल सोडता आलं नाही तर सहा तास पडूनही झोप होत नाही, कारण स्नायू रात्रभर तोल सावरत राहतात. कानात बोळे घाला. आणि दिवसाही झोपा! नवख्या माणसाची पहिली चूक हीच. दिवसा सगळं बघायच्या हौशीने जागं राहायचं आणि चौथ्या दिवशी मोडून पडायचं.

वॉचची, म्हणजे जागं राहून पहारा करण्याच्या पाळ्यांची, पद्धत प्रत्येक बोटीची वेगळी. चौघांसाठी मला आवडते ती अशी: रात्री आठ ते सकाळी आठ, तीन-तीन तासांचे चार भाग, आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली. सगळ्यांवर सारखा भार यावा म्हणून काही स्किपर रोज वेळा फिरवतात. मला ते पटत नाही. शरीराला एकदा कळलं की आपल्याला दोनला उठायचंय, तर ते दीडला स्वतःच जागं व्हायला लागतं. रोज वेळ बदलली तर कधीच कळत नाही. दोघांच्या बोटीवर हे सगळं फार अवघड जातं, सलग तीन-चार तासांपलीकडे झोपच नाही. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. यांनी गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’वरून २०२४-२५ मध्ये दोघींनीच पृथ्वीप्रदक्षिणा केली, जवळजवळ आठ महिने. ‘बायकांना जमतं का’ असं कोणी विचारलं की मी ते सांगते. पण त्या नौदलातल्या आणि त्यामागे वर्षांची तयारी. तुम्ही चौघं आहात, त्याचा पुरेपूर फायदा घ्या.

माझी वेळ पहाटे दोन ते पाच. दहा मिनिटं आधी कोणीतरी माझ्या पायाचा अंगठा हलवतं. खांद्याला हलवू नये, माणूस दचकून उठतो आणि डोकं छताला आपटतं. लाल दिव्यात चाचपडत जॅकेट, त्यावर हवा भरणारं लाइफजॅकेट आणि पट्टा. जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचायच्या आधी, आतूनच, पट्ट्याचा हूक बाहेरच्या कडीत अडकवायचा. मग जाणारा माणूस सांगतो: वारा किती, दिशा कुठली, कुठलं जहाज दिसलं, कुठला ढग संशयास्पद वाटतो. तो खाली जाऊन दोन मिनिटांत घोरायला लागतो आणि वर तुम्ही एकट्या. सुकाणू स्वयंचलित यंत्र धरतं किंवा वाऱ्यावर चालणारं पातं. तुम्ही फक्त राखणीला. दर पंधरा मिनिटांनी उठून चारी दिशांना नीट पाहायचं, कारण अठरा-वीस नॉटने येणारं मालवाहू जहाज क्षितिजावर दिसल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत उरावर येऊ शकतं. एआयएसच्या, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर जहाजं दिसतात, तरी डोळ्यांनी पाहायचंच. मधल्या वेळात बोटीमागे हिरवट चमकणारी पाण्याची रेघ, कधी त्यात डॉल्फिन आला तर तोही चमकणारा. असं पाणी लहानपणी मालवणच्या किनाऱ्यावर पाहिलं होतं, पण किनाऱ्यावर त्याचा काठ असतो. तिथे चहूकडे तेच.

झोप कमी पडली की हाच वॉच कसा दिसतो तेही सांगते. पहिल्या खेपेला आठव्या रात्री मागच्या बाजूला क्षितिजावर केशरी उजेड दिसला. वाढत चालला होता. मी स्किपरला उठवलं आणि सांगितलं, जहाजाला आग लागलीय. तो वर आला, दोन क्षण पाहिलं, म्हणाला, ‘चंद्र आहे,’ आणि परत गेला. दुसऱ्या खेपेला मात्र हसण्यावारी गेलं नाही. पुढचं शीड एका आडव्या खांबाने बाहेर ताणून धरलेलं असतं आणि त्याचा दोर खांबाच्या टोकाशी सतत घासतो. म्हणून रोज डेकवर एक फेरी मारून प्रत्येक दोर हाताने चाचपायचा आणि चार बोटं सरकवायचा, म्हणजे घासण्याची जागा बदलते. त्या दुपारी फेरी माझ्याकडे होती. मी पेंगुळलेली होते, म्हटलं उद्या. रात्री तीन वाजता दोर तुटला. मोकळं शीड वाऱ्यात फडफडताना बंदुकीचे बार निघावेत तसा आवाज होतो. ते गुंडाळायला दोघांना चाळीस मिनिटं लागली, आणि त्यातला एक अंधारात डेकच्या पुढच्या टोकाशी होता. माझ्या एका डुलकीपायी.

भ्यायचंच असेल तर रात्री पाण्यात पडण्याला भ्या. सहा नॉटला बोट सेकंदाला तीन मीटर पुढे जाते. एका मिनिटात माणूस १८५ मीटर मागे. शिडं खांबाने बांधलेली असली की बोट वळवायलाच दहा मिनिटं जातात, आणि दोन मीटरच्या लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही. तुम्हाला पोहता येतं, चांगलं आहे, पण इथे त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. म्हणून नियम दोनच: अंधार पडल्यावर हूक लावल्याशिवाय बाहेर नाही, आणि दुसरं माणूस जागं असल्याशिवाय कॉकपिट, म्हणजे सुकाणूजवळची बसायची उघडी जागा, सोडून पुढे जायचं नाही. यजमानांना हे दोनदा सांगा. पुरुष रात्री कडेला उभे राहून लघवी करतात आणि बोटीवरून पडण्याचं ते फार जुनं कारण आहे.

तिथून संडासाकडे वळते. हातपंपाचा असतो, समुद्राचं पाणी ओढून बाहेर टाकतो. सगळ्यांनी बसूनच. कागद त्यात टाकायचा नाही, वेगळ्या पिशवीत. तुंबला तर तो दुरुस्त करण्याइतकं वाईट काम बोटीवर दुसरं नाही. पाळीच्या दिवसांसाठी कप वापरायची सवय असेल तर उत्तम, नसेल तर ती सवय समुद्रावर लावू नका. पॅड नेहमीपेक्षा जास्त न्या, गुंडाळून कचऱ्यात ठेवा. प्लास्टिकचा कण समुद्रात टाकायचा नाही, तीन आठवड्यांचा कचरा धुऊन, दाबून बरोबर न्यायचा.

पाणी जपून. पिण्या-रांधण्याला माणशी रोज तीन-चार लिटर. भांडी समुद्राच्या पाण्यात. अंघोळही तशीच: मागच्या पायरीवर बसून बादलीने, आणि शेवटी अंगावरचं मीठ काढायला गोडं पाणी लिटरभर. खाऱ्या पाण्यात आंघोळीचा साबण फेस धरत नाही, शाम्पू धरतो. बादली मात्र पुरुष असो वा बाई, कुणीही सहज पाण्यात सोडू नका. चालत्या बोटीवरून भरलेली बादली असा हिसका देते की खांदा निखळेल. अंगावर मीठ राहिलं तर कपडे कधीच वाळत नाहीत, मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि ओल्या कपड्यांत बसून बसून मांड्यांना फोड येतात. रोज गोड्या पाण्याच्या फडक्याने तेवढा भाग तरी पुसा. पहिल्या स्क्वॉलच्या पावसात आम्ही चौघं साबण घेऊन बाहेर आलो. अंगाला फेस लावून झाला आणि पाऊस थांबला.

पहिले तीन दिवस तुम्हाला बोट लागेल असंच धरून चाला. लागली नाही तर बोनस. मला सिनारिझिनच्या गोळ्या चालतात. तुम्ही डॉक्टरांना विचारा आणि घरी एकदा घेऊन बघा, काहींना त्याने गुंगी येते. गोळी निघायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. बाहेर बसा, नजर क्षितिजावर ठेवा. अगदीच झालं तर आडवं होऊन डोळे मिटा. रिकामं पोट सर्वांत वाईट. मी आमसूल चघळते, सुकी बिस्किटं खाते. चौथ्या दिवशी सकाळी एकदम भूक लागते आणि सगळं बदलतं. दातांच्या डॉक्टरांकडेही निघण्यापूर्वी जाऊन या. महासागराच्या मध्यावर हेलिकॉप्टर पोचत नाही.

आता स्वयंपाक, जिथे आपण मराठी बायका (आणि माझा भाऊ) बाकीच्यांच्या चार पावलं पुढे असतो. कारण कुकर! झाकण बंद होणारं, सांडता न येणारं, थोड्या गॅसवर शिजवणारं भांडं बोटीसाठीच घडवल्यासारखं आहे. पहिली शिट्टी झाली तेव्हा दोन इंग्रज धूर शोधत धावले होते. शेगडी झुलती असते, बोट कलली तरी ती सपाट राहते, पण तुम्ही राहत नाही. कंबर ओट्याला टेकवून, पाय फाकवून उभ्या राहा. आणि कितीही उकडत असलं तरी रांधताना पावसाळी विजार घाला, उकळतं पाणी मांडीवर येण्यापासून तीच वाचवते. चहा ओतताना कप हातात धरायचा नाही, सिंकमध्ये ठेवून भरायचा. हे मी पायाचा घोटा भाजून शिकले. वापर झाला की गॅसची चावी बंद. तो हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचून राहतो.

भाज्यांत कोबी राजा. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणू नका, त्यातून झुरळांची अंडी येतात. न धुतलेली, फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली अंडी घ्या आणि एक दिवसाआड उलटी करा, तीन आठवडे टिकतात. शंका आली तर पाण्यात टाका, तरंगलं की फेकून द्या. केळ्यांचा घड सगळे हौसेने मागे टांगतात आणि तो सगळा एकाच दिवशी पिकतो. आम्ही दोन दिवस शिकरणावर काढले. घरून न्यायच्या गोष्टी: कुळथाचं पीठ, भाजणी, मेतकूट, आमसुलं, लोणचं, आणि मटकी. पंधराव्या दिवशी हिरवं काही उरत नाही तेव्हा ओल्या फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड आले की चौघं ती कच्चीच संपवतात. कुळथाची पिठी थंड वॉचनंतर दहा मिनिटांत होते आणि पेल्यातून पिता येते. सुका जवळा मात्र नेऊ नका. मी नेला होता. तिसऱ्या दिवशी, दोघं अजून आडवे असताना, डबा उघडला. तो डबा कुठे गेला ते विचारू नका.

मासळी ताजी मिळते. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असतात, लहान, काटेरी, पण रवा लावून तळले तर चवीला बरे. गळाला डोराडो लागतो, आठ-दहा किलोचासुद्धा. त्याच्या कल्ल्यात थोडी स्वस्त दारू ओतली की लगेच शांत होतो. एक मासा लागला की गळ आत घ्या, चौघांना दोन दिवस तेच पुरतं. शेवटच्या हजार मैलांत तसाही गळाला मासा कमी आणि सरगासम शेवाळ जास्त येतं. २०११ पासून त्या पट्ट्यात त्याचे पिवळे तवंग फार वाढलेत. सुकाणूलाही गुंडाळतं.

वेळेचं एक राहिलं. लास पाल्मास आणि सेंट लुशिया यांच्या घड्याळात चार तासांचा फरक. दर १५ रेखांशांना एक तास असा तो वाटेत साचत जातो. बोटीचं घड्याळ मागे केलं नाही तर सूर्य उशिरा उगवू लागतो आणि आठचा नाश्ता काळोखात होतो. आमच्याकडे तास मागे घ्यायचा दिवस आला की भांडण ठरलेलं, कारण त्या रात्री एकाचा वॉच चार तासांचा होतो. तो तास सगळ्यांत वाटून घ्या, प्रत्येकी पंधरा मिनिटं. इंटरनेट हल्ली उपग्रहावरून मिळतं. माझा आग्रह असतो की दिवसातून अर्धा तास, हवामान आणि घरची खुशाली. नाहीतर वॉच संपलेला माणूस झोपायचं सोडून फोन बघत पडतो, आणि मग चमचे दिसायला लागतात.

सेंट लुशिया दिसलं तरी जमिनीचा वास लगेच येत नाही. तुम्ही पूर्वेकडून येता आणि वारा तुमच्या पाठीमागून बेटाकडे जात असतो. उत्तरेचं पिजन आयलंड ओलांडून रॉडनी बेमध्ये वळलात, बेटाच्या आडोशाला आलात, की मग एकदम येतो: ओली माती, पाला जाळल्याचा धूर. आमच्याकडे भाजावळीच्या दिवसांत येतो तसा. धक्क्यावर पाय ठेवला की जमीन हलते. बोट लागते तशी मग जमीनही लागते, दोन-तीन दिवस. हात धुताना बेसिनला धरून उभी होते मी.

पहिल्या खेपेला पोचलो त्या रात्री बारा तास झोपायचं ठरवलं होतं. दोनला जागी झाले. जॅकेट चढवून वर आले तर स्किपर आधीच कॉकपिटमध्ये बसलेला, त्यालाही कुणी उठवलं नव्हतं. मी चहा ठेवला. नांगरावर बोट जराही हलत नव्हती, तरी दोन्ही कप सिंकमध्ये ठेवूनच भरले.